एक रिंग

तीन वाजून दहा मिनिटांनी
उशीखाली फोन एकदाच थरथरतो आणि गप्प होतो.
बेबी पराते, तांडापेठ.
म्हणजे तीही जागी आहे.
मी एक रिंग परत देते. उचलायचा नाही, हा नियम.
दोन दिल्या तर रडू येतंय.
तीन अजून कुणी दिलेल्या नाहीत.

मुलगा म्हणतो, आई, आता बोलायला पैसे लागत नाहीत.
त्याला काय सांगू,
पैशासाठी नाही रे.

आमची ओळख मेडिकलमधली, औषधांच्या खिडकीपुढची.
तिचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार,
माझा दमा आणि साखर, रोजची.
"झोप येते काय वं तुले?"
नाव विचारायच्या आधी तिनं हे विचारलं.
डॉक्टरही विचारतात, पण पेन कागदावर टेकवून.
तेव्हा तोंडातून 'बरी आहे' एवढंच निघतं.

अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली.
रात्रपाळीला कानावर हेडफोन, समोर दिव्यांचा फळा,
भंडारा, गोंदिया, बालाघाट.
कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत
माझ्या दोन बोटांतून गेली.
तेव्हा झोप मांजरीसारखी पायात घोटाळायची,
मी चहा पिऊन तिला हाकलायचे.
आता बोलावते, तर ओळख देत नाही.

मे महिना. कुलर नुसताच खरखरतो, पाणी संपलंय.
ते भरायला मुलाला उठवायचं नाही.
तीन उशा लावून मी अर्धी बसलेली, अर्धी निजलेली.
तळपायांत विस्तव. फरशीवर टेकवते,
तर फरशीही दिवसाचं ऊन धरून बसलेली.
अजनीकडे मालगाडीचे डबे एकमेकांना धडकतात.
या वेळेला मन जुनी बिलं काढतं.
ब्याऐंशी साली एका बाईचा बालाघाटचा कॉल
माझ्याच्यानं लागला नाही,
तिकडे तिचा नवरा शेवटचं मोजत होता.
लाइन इंगेज आहे, मी म्हणत राहिले.
अजून म्हणते.

बेबीच्या घरी माग होते.
त्या खटखटीत तिची पोरं जन्मली, झोपली, मोठी झाली.
शेवटचा माग भंगारात गेला त्या रात्री
इतकं शांत झालं की ती उठून बसली.
एकदा रांगेत तिनं माझं बोट धरून
स्वतःच्या डाव्या मनगटावर ठेवलं,
डायलिसिससाठी जोडलेल्या त्या फुगीर शिरेवर.
आत काहीतरी घुरघुरत होतं.
"पाह्य," म्हणे, "माग चालून राह्यला."

गेल्या गुरुवारी तीन दहा झाले. काही नाही.
साडेतीन.
मी एक दिली. मग दोन.
पावणेचारला मी तीन रिंग दिल्या,
आणि नंतर मोजल्याच नाहीत.
छातीत शिट्टी वाजायला लागली,
पंप ओढला, देवाला काहीबाही कबूल केलं.
गल्लीतला पोहेवाला स्टोव्ह पेटवून शिव्या देत होता,
त्याचा मला आधार वाटला.

सात चाळीसला तिचा फोन. नियम मोडून उचलला.
"अवं, झोपली होती मी! सातपर्यंत!
सुनेनं नाकाशी बोट धरून पाह्यलं."
मी अशी भडकले की काय बोलले ते आठवत नाही.
सांगून झोपायचं नाही काय बाई?
ती हसत सुटली. "झोप का सांगून येते?"
मी फोन आदळला. पोह्यांत मीठ दोनदा टाकलं.
कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, राग आहे.
रागच होता बहुतेक.
आणि थोडा हेवा, जेवणाच्या वासासारखा,
शेजारच्या घरातून येणारा.

त्या रात्री तीन दहाला एक रिंग आली.
मी फोन हातात धरून बसले, परत दिली नाही.
वाटू दे तिला,
झोपले आहे.
पाच मिनिटं तरी.

चारच झाली.
मग दिली.